मुठमोज्यांतली बडबड

शून्याच्या हातांचं माप रविवारी घ्यायचं ठरलं होतं. त्याला घरातून हलवायचंही त्याच रविवारी ठरलं होतं. फक्त हे दुसरं ठरलेलं त्याच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं.

शून्य म्हणजे घरातलं सगळ्यात नवं माणूस, वय वर्षं पाऊण. हातमोजे शिवणाऱ्यांच्या घरात नाव नंतर चिकटतं, आधी नंबर चिकटतो. आजोबांनी दोन्ही सुनांना त्या घरात आल्या त्याच दिवशी हात बघून नंबर देऊन टाकले होते. थोरली साडेसात, धाकटी सहा. थोरलीची मुलगी गेल्या वर्षी पंधरावं लागता लागता सव्वासहावर पोहोचली आणि ती ते सगळ्यांना असं सांगत सुटली की जणू शाळेत पहिली आलीये. तेव्हापासून तिला घरात दुसऱ्या नावाने कुणी हाकच मारेना. बाळाच्या हाताचा नंबर तर मापांच्या तक्त्यावर नव्हताच. म्हणून तो शून्य.

त्या सकाळी थोरली आणि सव्वासहा आपल्या घरून निघाल्या त्या एक छोटी उशी आणि एक दुलई घेऊन. दुलई आईकडे, उशी मुलीकडे. कारखाना दोन गल्ल्या पलीकडे. खाली दुकान, वर कातरकामाचा मोठा हॉल, आणि हॉलच्या मागे धाकट्याच्या, म्हणजे शून्याच्या बापाच्या, दोन खोल्या.

"ही उशी आता न्यायची कशाला?" सव्वासहाने विचारलं. "राहायला तो आपल्याकडे येणार ना? मग उशी आपल्याकडेच असू दे की."

"त्याला आधी वास लागू दे तिचा. अनोळखी उशीवर मुलं झोपत नाहीत. आज दिवसभर तिच्यावर निजेल, संध्याकाळी उशीसकट घेऊन येऊ."

"काकूला माहितीये का पण?"

"भावजी सांगणार होते."

"कधी?"

"सांगितलं असेल गं. आणि तू ती उशी नीट धर, सगळा रस्ता पुसत चाललीयेस."

सव्वासहाने उशी डोक्यावर ठेवली. "मला वाटतं काका घाबरलाय."

"घाबरायचं काय त्यात? मूल काय परदेशी चाललंय? सोमवार ते शनिवार माझ्याकडे, रविवारी आईकडे. अगं, तू नऊ महिन्यांची होतीस तेव्हा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला बडबडून दमवायचीस. माणसं मोजे न घेताच जायची. आणि हा? आईजवळ असला की तोंडातून चकार शब्द नाही. माझ्या कडेवर आला की लगेच सुरू, बा बा बाऽ. लेकराच्या कानावर काही पडायला नको?"

"डॉक्टर म्हणाले की कान चांगले आहेत त्याचे."

"चांगले आहेत म्हणूनच म्हणतेय ना. चांगल्या कानांना उपाशी ठेवायचं का?"

सव्वासहाने उशी डोक्यावरून काखेत ओढली. तिला राग आला होता. आईचं चुकत असताना तिला चूक म्हणणं किती सोपं असतं. पण आईने गेला महिनाभर मागच्या खोलीतलं सामान एकटीने उपसून भिंती रंगवल्या होत्या, आणि रंगवताना ती सबंध वेळ बोलत होती. रिकाम्या खोलीशी. सव्वासहा तेव्हा आपल्या खोलीत होती, कडी लावून. हल्ली ती शाळेतून आली की कडीच लावायची. तिला स्वतःला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, पण भिंतीपलीकडून तो आवाज आला तेव्हा क्षणभर वाटलं होतं.

*

धाकटा घाबरला होता हे अगदी खरं.

हॉलच्या कोपऱ्यात सहा पितळी हात उभे होते, कोपरापासून वर, बोटं ताठ, जसं काही वर्गातली सहा मुलं एकदम उत्तर द्यायला उठलीयेत. ते आतून तापवलेले असत. शिवून झालेला मोजा त्यांच्यावर चढवला की सुरकुत्या जात आणि मोज्याला माणसाच्या हाताचा आकार येई. रविवारी काम बंद असायचं, पण धाकट्याने पितळी हात तापवले होते आणि एकच मोजा तो चढवत होता, काढत होता, पुन्हा चढवत होता.

गुरुवारी वहिनीने खाली दुकानात विचारलं आणि त्याने हो म्हणून टाकलं. वहिनीच्या बोलण्याला खिंडी नसतात, माणूस त्यातून निसटू शकत नाही. शिवाय ती त्याच्या मनातलंच बोलत होती. शाळेत गेल्यावर पोरगा मुका म्हणून चिडवून घेईल. कोपऱ्यात बसेल. धाकट्याने आपली बायको लहानपणी कशी कोपऱ्यात बसली होती ते तिच्याच हातांतून ऐकलं होतं.

तो तिची भाषा शिकला ती याच हॉलमध्ये. ती शिवणकामाला आली, खिडकीजवळच्या बुटक्या खुर्चीवर बसली, आणि तिच्या हातचे टाके बघून आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. धाकटा मात्र बोलायला शिकला. सुईच्या खुणेपासून सुरुवात करून वर्षभरात तो लग्नापर्यंत पोहोचला.

गुरुवारनंतर तीनदा त्याने सांगायचं ठरवलं. तिसऱ्यांदा ती बाळाला टबात आंघोळ घालत होती. बाळाचे हात मोकळे होते, कारण आंघोळ सोडली तर मुठमोजे काढायचे नाहीत हा घरचा नियम. मुठमोजे म्हणजे बोटं नसलेले मऊ चामड्याचे मोजे, नुसती पिशवी आणि मनगटाला नाडी. त्याचा थोरला भाऊ दहा महिन्यांचा असताना रांगत येऊन त्याने तापलेला पितळी हात धरला होता. त्याची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. तेव्हापासून घरातलं प्रत्येक मूल वर्षाचं होईपर्यंत मुठमोज्यांत. एक जोड जन्मल्यावर, दुसरा नवव्या महिन्यात, आणि दोन्ही आजोबाच कापणार.

तर टबाजवळ ती ओल्या हातांनी त्याला म्हणाली होती, "बघ, बोलतोय."

त्याने बघितलं. बाळ पाण्यात हात हलवत होतं. "तुला तसं दिसतं," त्याने हातांनीच उत्तर दिलं.

तिचा चेहरा तेव्हा कसा झाला ते आठवलं की त्याला चामड्यात पडलेलं चुकीचं भोक आठवायचं. कापडातली चूक उसवता येते. चामड्यातून सुई एकदा गेली की गेली.

*

"आलो गं आम्ही," थोरलीने जिन्यातूनच आवाज दिला. हा आवाज ज्यांना ऐकू येत होता त्यांच्यासाठी होता. ज्यांना नव्हता त्यांच्यासाठी तिने हॉलच्या दाराशी आल्यावर पाय आपटला, म्हणजे फळ्या हलून धाकटीला कळतं. पाय आपटण्याची ही रीत तिचीच, आणि ती कधी चुकवायची नाही.

धाकटी वळली, हसली. तिचं हसू घरात सगळ्यात मोठं होतं. ते किती मोठं आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगू नये असं घराचं न बोलता ठरलं होतं. बाळ तिच्या कडेवर होतं, दोन्ही मुठी चामड्यात, तोंड बंद, डोळे टकाटका.

थोरला आधीच येऊन चहा पीत बसला होता. आजोबा मोठ्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला फीत, खडू आणि कोवळ्या चामड्याचा तुकडा मांडून तयार.

धाकटीने उशी बघितली. मग दुलई. मग मोकळ्या हाताने विचारलं.

"काकू विचारतेय उशी कुणाची," सव्वासहाने सांगितलं.

थोरलीने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने पितळी हातावरचा मोजा सरळ केला, तो सरळच होता.

"भावजी, तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो."

"कधी, त्याला मिशा फुटल्यावर?"

धाकटी एकेका तोंडाकडे बघत गेली. शेवटी नवऱ्यापाशी थांबली. त्याला हात वर करावे लागले. चार खुणा झाल्या फक्त. बाळ. तिकडे. झोपणार. सहा दिवस. जिभेने सांगायचं असतं तर त्याने पुढेमागे बरीच साखर पेरली असती. हातांना तेवढं जमलं नाही.

तिने बाळाला टेबलावर आजोबांपुढे बसवलं. दोन्ही हात मोकळे करण्यासाठी. मग ती बोलायला लागली.

"ती म्हणतेय," सव्वासहाने सुरुवात केली, "मी त्याची आई. कुणी मला... थांब काकू, हळू. कुणी विचारलं नाही. तुम्ही सगळे... हे काय ते मला नाही माहीत. पुन्हा कर ना."

सव्वासहाला काकूची भाषा येते असं ती सगळीकडे सांगायची, आणि येतही होती. गप्पा, खाणंपिणं, शाळेतल्या बाईंच्या चालण्याची नक्कल, कोण कुणाकडे बघतं त्याच्या बातम्या. पण काकू तिच्यावर कधी रागावलीच नव्हती. रागाच्या खुणा तिला शिकायलाच मिळाल्या नव्हत्या. तिला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं.

धाकटीने नवऱ्याकडे बोट केलं. तू सांग. माझ्या बाजूने सांग.

"माझ्या नवऱ्याने," धाकटा म्हणाला आणि अडला. त्याची बायको थांबली नाही, म्हणून त्यालाही पुढे जावं लागलं. "माझ्या नवऱ्याने मला न विचारता माझं मूल देऊन टाकलं. गुरुवारपासून तो माझ्या शेजारी जेवला, झोपला आणि बोलला नाही. मला ऐकू येत नाही. पण मला बघून कोण बोलायचं थांबतं ते मला दिसतं. चार दिवस या घरात सगळे थांबत होते."

"अगं, देऊन टाकलं काय म्हणतेस," थोरली म्हणाली. "दोन गल्ल्यांवर तर घर माझं. मी काय त्याला खाणार आहे?"

धाकट्याने तेही हातांनी तिला सांगितलं. मधल्या माणसाची अशी पंचाईत त्या हॉलने आधी पाहिली नव्हती. एका बाजूचं तोंडाने घ्यायचं, हाताने द्यायचं, दुसऱ्या बाजूचं हाताने घ्यायचं, तोंडाने द्यायचं, आणि दोन्हीकडे मार आपल्यालाच.

"तुम्ही म्हणता तो बोलत नाही," धाकटी म्हणाली, म्हणजे धाकटा म्हणाला. "तो बोलतो. रोज बोलतो. टबात बोलतो, कारण तेवढाच वेळ तुम्ही त्याला सोडता. आणि..." इथे धाकटा बायकोकडे बघत राहिला. हे त्यालाही नवं होतं. "आणि मी दुपारी खोलीचं दार लावून नाड्या सोडते. तुमचा नियम मी मोडते. रोज अर्धा तास. तेवढ्या वेळात तो काय काय बोलतो."

आजोबांनी खडू खाली ठेवला.

"हात तर सगळीच मुलं हलवतात गं," थोरलीचा आवाज आता मऊ झाला होता, समजुतीचा. त्याने धाकटीला जास्त लागलं असतं, पण तिला तो ऐकूच येत नव्हता हे एक बरं. "ही माझी पण हलवायची. म्हणून काय मी म्हटलं पोरगी भाषण करतेय?"

"वाद पुरे," आजोबा म्हणाले. "मला माप घ्यायचंय. नाड्या सोडा."

*

आजोबांनी साठ वर्षं हात बघितले होते. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते आधी हात बघायचे आणि मग ओळखायचे. नखं खाणारे, अंगठी लपवणारे, हात पुढे करायला लाजणारे. गिऱ्हाईक तोंडाने म्हणायचं सात, हात म्हणायचा पावणेआठ, आणि आजोबा हाताचं ऐकायचे.

मुठमोजे निघाले. आतून दोन गुलाबी, घामेजलेले हात बाहेर आले. बाळाने ते दोन्ही एकदम वरखाली आपटले, पाय पण आपटले, सगळं अंग हललं.

"बघा," थोरली म्हणाली. "हेच म्हणत होते मी."

"थांब साडेसात."

आजोबा घाई करत नसत. कोवळं चामडं ओलं करून टेबलाच्या काठावरून ओढताना ते कुठवर येईल हे हाताला कळू द्यावं लागतं. घाईने ओढलेला मोजा दोन आठवड्यांत ढिला पडतो. ते फीत धरून नुसते बसून राहिले.

बाळाला समोर आई दिसली.

पाय थांबले. अंग थांबलं. उजवा हात एकटाच वर आला, छातीसमोर, आणि तिथेच राहिला. चारही बोटं मिळून अंगठ्याला टेकली, उघडली, टेकली, उघडली. सावकाश, मोजून मापून. मग थांबली. बाळ आईकडे बघत राहिलं. धाकटीने हाताने काहीतरी छोटंसं म्हटलं. बाळाचा हात पुन्हा वर आला. टेकली, उघडली, टेकली, उघडली. मग तळहात गालाशी गेला, दोनदा टेकला, आणि बाळ पुन्हा थांबलं.

आजोबांनी त्याला काखेत धरून उचललं आणि थोरलीच्या दिशेने वळवलं.

हात खाली गेले. तोंड उघडलं. "बा बा बाऽ."

आईच्या दिशेने वळवलं. तोंड मिटलं, हात वर.

पुन्हा थोरलीकडे. पुन्हा आईकडे. कातडं उजेडाकडे धरून फिरवावं तसं त्यांनी नातवाला चार वेळा फिरवलं.

"आजोबा, तो काय बटण दाबायचा दिवा आहे का?" सव्वासहा म्हणाली, पण तिचा आवाज भलतीकडेच गेला होता.

"साडेसात," आजोबांनी थोरलीला विचारलं, "तुझ्याशी तो बा बा करतो, त्याचा काही अर्थ असतो?"

"अर्थ कुठला असायला. नऊ महिन्यांचा आहे तो."

"मग ते बोलणंच आहे हे कशावरून म्हणतेस?"

थोरलीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, पण उत्तर तिला ठाऊक होतं, कारण त्या उत्तरावर ती गेले चार महिने जगत होती. "कशावरून म्हणजे? तो थांबतो ना. बोलतो आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबतो. मी काही म्हटलं की मग पुन्हा करतो. नुसता आवाज काढायचा असता तर थांबला असता कशाला?"

आजोबांनी बाळाला आणखी एकदा आईकडे वळवलं आणि धरून ठेवलं.

बाळाचा हात वर आला. बोटं टेकली, उघडली. थांबली. बाळ वाट बघू लागलं.

थोरलीने दुलई छातीशी धरली आणि ती खुर्चीवर बसली.

धाकटा पितळी हातांपासून दूर झाला होता. तो टेबलाशी येऊन उभा राहिला आणि तोंडाने आणि हातांनी एकदमच बोलला, म्हणजे कुणालाच त्यातून सुटका मिळू नये, त्याला स्वतःलाही नाही. "ती मला सांगत होती. टबाजवळ. मी म्हटलं तुला तसं दिसतं." मग नुसत्या हातांनी बायकोला आणखी काही म्हणाला. ते सव्वासहाला कळलं, पण तिने ते कुणाला सांगितलं नाही.

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. लगेच काही माफ वगैरे केलं नाही. फक्त आजोबांच्या हातातून बाळ घेऊन त्याच्या हातात दिलं, तोंड त्याच्याकडे करून, आणि एक पाऊल मागे सरली. बोल आता त्याच्याशी. धाकट्याने एका हाताने बाळ सावरलं आणि दुसऱ्या हाताने, अवघडत, बोटं अंगठ्याला टेकवली.

"नऊ महिने," आजोबा म्हणाले, "मी याच्या तोंडाला नाडी बांधून ठेवली." त्यांनी मुठमोजे उचलले, आतबाहेर करून बघितले. शिवण सुरेख होती. त्यांचीच होती. "पण काढले तर हे पितळी हात इथे तापलेले असतात. त्याचं काय करू? एकदा झालंय या घरात."

सगळ्यांची नजर थोरल्याकडे गेली. थोरला घरात फार कमी बोलायचा. बायको दोघांचं बोलायची, त्यामुळे त्याला कधी अडचण आली नव्हती. त्याने कप खाली ठेवला, तो धरायचा तसाच, वाकड्या दोन बोटांचा आकडा करून.

"बाबा, बांधायचं तर यांना बांधायला हवं होतं," तो पितळी हातांकडे मान करून म्हणाला. "पोरांना नाही. जाळीचं कुंपण, कंबरेएवढं, एक दार. दोन तासांचं काम आहे."

"तू आधी का नाही बोललास?"

"मला कुणी विचारलं नाही. आणि मला पण आज सुचलं."

आजोबांनी त्या दोन बोटांकडे बघितलं. "उद्या कर," ते म्हणाले. "मूल इथेच राहील. दुसरा जोड मी कापणार नाही."

धाकट्याने हे बायकोला सांगितलं, आणि धाकटीने डोळे मिटले. ती डोळे मिटायची तेव्हा तिला कुणाचंच काही कळायचं नाही, म्हणून ती लोकांसमोर कधी मिटत नसे.

थोरली उठली. दुलईची घडी घातली, नीट, चौकोनी, मग पुन्हा मोडून घातली. उशी वर ठेवली. "मी खाली आहे," ती म्हणाली. "खण लावायचे राहिलेत."

रविवारी कुणी खण लावत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. सव्वासहा निघाली होती तिच्या मागे, पण काकूने तिचा दंड धरला. बाळाला नवऱ्याकडून घेतलं आणि ती स्वतःच जिना उतरली.

*

दुकान बंद होतं आणि अर्ध्या दारातून उन्हाची एक पट्टी काउंटरवर पडली होती. थोरलीने सातचा खण उघडला, बंद केला. साडेसातचा उघडला. मोजे सगळे जागच्या जागी होते. या दुकानात तिने वीस वर्षं माणसांना बोलून बोलून आत घेतलं होतं, आणि आज तिला स्वतःशी बोलायलाही काही सुचेना.

तिला मूल पळवायचं नव्हतं. हे ती वर मोठ्यांदा म्हणू शकली असती, पण मग पुढचंही म्हणावं लागलं असतं. की गेल्या वर्षापासून घरी गेल्यावर दार वाजवावं लागतं. की आतून "काय आहे?" असा आवाज येतो. मुलगी चांगली आहे, वाढतेय, तिचं सगळं बरोबर आहे. पण आपल्या तोंडाकडे बघत वाट बघणारं कुणी घरात राहिलं नाही. आणि मग हे एक नऊ महिन्यांचं माणूस भेटलं होतं.

जिना वाजला. धाकटीची पावलं नेहमी धाडधाड वाजायची. थोरलीने घाईने डोळे पुसले आणि पाठ वळवूनच राहिली.

धाकटी काउंटरला वळसा घालून तिच्या समोर आली. काउंटरवर गिऱ्हाइकाने मोजा घालून बघताना कोपर टेकायची एक मखमली गादी होती. तिच्यावर तिने बाळाला बसवलं, मोकळ्या हातांनिशी. सांगणारं मध्ये कुणी नव्हतं. मग तिने थोरलीच्या ओठांकडे बोट केलं. बाळाच्या कानाकडे केलं. खाली फरशीकडे केलं, दोनदा. आणि शेवटी स्वतःकडे, आणि पुन्हा फरशीकडे.

थोरलीला समजायला वेळ लागला नाही. फक्त खरं वाटायला लागला.

"इथे?" तिने फरशीकडे बोट केलं. "रोज?" रोजची खूण तिला येत नव्हती, म्हणून तिने सोमवारपासून बोटं मोजायला सुरुवात केली. धाकटीने बुधवारीच तिचा हात धरून मान हलवली. हो, हो. सगळे.

मग धाकटी मागे भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून. बोला आता.

"काय बोलू?" थोरली म्हणाली. मग नाक ओढलं, पदराऐवजी हाती लागला तो साडेसात नंबरचा मोजा, त्यानेच तोंड पुसलं, आणि सुरुवात केली. "या. या या. कुठे होता तुम्ही? वर नुसता आरडाओरडा चाललाय, आणि त्यात एकटी मीच ओरडत होते, सांगू नका कुणाला. तुमचे आजोबा तुम्हाला गरागरा फिरवत होते, चक्कर नाही आली? बसा, बसा."

बाळाने ऐकून घेतलं. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. "या या," ते म्हणालं नाही, शब्द नव्हतेच. पण आवाज दोनदा तोकडा आला आणि तिसऱ्यांदा लांबून वर चढला. "ब्या ब्या, ब्याऽ."

थोरली ऐकत राहिली. हा चढ तिच्या ओळखीचा होता. दारात घुटमळणाऱ्या माणसाला आत घेताना ती वीस वर्षं असाच आवाज चढवत आली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, या फरशीवरून, तो वरच्या मजल्यावरच्या पाळण्यापर्यंत पोहोचत होता.

"अगं," ती वळून म्हणाली, "हा गिऱ्हाइकं बोलावतोय."

धाकटी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. भुवया वर, सगळा चेहराच प्रश्न. काय म्हणाला? माझा मुलगा काय म्हणाला?

बाळाची एक गोष्ट अशी होती की जी त्याच्या आईजवळ नव्हती आणि थोरलीजवळ होती. अशी गोष्ट जवळ असावी म्हणून तिने महिनाभर भिंती रंगवल्या होत्या. तिने पुढे होऊन धाकटीचा हात घेतला, तो लहान, सुईने टोचून टोचून कडक झालेला हात, आणि बाळाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, सपाट ठेवला.

"या या, बसाऽ," ती बाळाला म्हणाली.

बाळाने उत्तर दिलं.

धाकटीने हात हलवला नाही. बाळाने पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा, कारण समोरचं तोंड वाट बघत होतं. बऱ्याच वेळाने धाकटीने दुसऱ्या हाताने थोरलीचं मनगट धरलं आणि त्यावर बोटाने वाजवून दाखवलं. एक छोटा ठोका. आणखी एक छोटा. मग तिसरा, मनगटापासून कोपराकडे लांब ओढत नेलेला. आणि तिने वर बघितलं. असं?

थोरलीने बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मान हलवून सांगितलं. असंच. अगदी असंच.